पावसात विरघळलेला ज्वालामुखी

१/
ज्वालामुखीचा इतिहास आपल्याकडे आगीपाशीच थांबतो. पाँपेईची राखेत गोठलेली माणसे, लाव्हाच्या लाल नद्या, आकाशात उसळलेले धुराचे खांब ही चित्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्याच ज्वालामुखीचा दुसरा, संथ इतिहास मात्र पावसाच्या पाण्यात विरघळलेला असतो. त्याला रंग नाही, आवाज नाही, म्हणून तो पुस्तकांत फारसा येत नाही. हा धागा त्या दुसऱ्या इतिहासाचा आहे.

२/
या कथेची दोन टोके बरोबर दोनशे वर्षांच्या अंतरावर आहेत. ८ जून १७८३ रोजी आइसलँडमध्ये लाकीची भेग फुटली. ३ जानेवारी १९८३ रोजी हवाई बेटावर किलाउएआचा प्रदीर्घ उद्रेक सुरू झाला. पहिल्या घटनेत एका देशाची सुमारे पाचवा हिस्सा प्रजा नाहीशी झाली. दुसऱ्या घटनेत घरोघरीच्या पाण्याच्या टाक्यांत शिसे उतरले. दोन्हींचा वाहक एकच होता: पाऊस.

३/
प्रथम थोडे रसायनशास्त्र. स्वच्छ हवेतून पडणारा पाऊसही पूर्णपणे उदासीन नसतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि त्याचा पीएच सुमारे ५.६ होतो, म्हणजे तो किंचित आम्ल असतो. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीने चालते. आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे ४ पीएचचा पाऊस साध्या पावसाहून सुमारे चाळीसपट आम्ल असतो, आणि तरीही तो डोळ्यांना अगदी तसाच दिसतो.

४/
ज्वालामुखी पाण्याच्या वाफेबरोबर तीन आम्लकारी वायू सोडतो: सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड. शेवटचे दोन पाण्यात तत्काळ विरघळतात, म्हणून त्यांचा मोठा भाग ज्वालामुखीच्या आसपासच पावसाबरोबर खाली येतो. सल्फर डायऑक्साइडचे गंधकाम्ल व्हायला मात्र काही तास, कधी काही दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत वारा त्याला दूरच्या गावांवर, कधी दूरच्या देशांवर नेऊन सोडतो. जवळच्यांच्या वाट्याला तिन्ही वायू येतात आणि दूरच्यांच्या वाट्याला मुख्यतः गंधक.

५/
आता १७८३. लाकी हा एकच एक डोंगर नव्हे. सुमारे २७ किलोमीटर लांबीची ती भेग होती आणि तिच्यावर शंभराहून अधिक मुखे उघडली. उद्रेक आठ महिने, म्हणजे फेब्रुवारी १७८४ पर्यंत चालला. अभ्यासकांच्या अंदाजाने या काळात सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड आणि सुमारे ८० लाख टन हायड्रोजन फ्लोराइड हवेत गेला. गंधकाचा वायू सरासरीने पाहिला तर दिवसाला पाच लाख टन होतो. हा आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे कामी येणार आहे.

६/
लाकीजवळच्या परगण्यात योन स्टाइनग्रिम्सन नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी या उद्रेकाचा बारकाईने वृत्तान्त लिहून ठेवला. लाव्हाइतकेच त्यांचे लक्ष आकाशातून पडणाऱ्या थेंबांकडे होते. पावसाने पानांना भोके पडली आणि नुकतीच लोकर कातरलेल्या मेंढ्यांची कातडी होरपळली, असे त्यांनी नोंदवले. पीएच हा शब्द जन्माला येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची ही पावसाच्या आम्लतेची नोंद आहे. मोजण्याचे उपकरण नव्हते, तेव्हा मेंढीची पाठ हेच उपकरण होते.

७/
फ्लोरिन गवतावर बसला. ते गवत खाऊन जनावरांचे दात विद्रूप झाले, सांध्यांवर हाडांच्या गाठी आल्या, ती चालेनाशी झाली आणि मेली. देशातील सुमारे निम्मी गुरे आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक मेंढ्या संपल्या. ज्या समाजाचे दूध, मांस, लोकर, सगळे काही जनावरांवर चालत होते, त्याला हा घाव सोसवला नाही. सुमारे पन्नास हजारांच्या लोकसंख्येपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक माणसे दगावली. बहुतेकांना मारले ते उपासमारीने आणि रोगराईने. लाव्हा त्यांच्या दारापर्यंत पोहोचलाही नव्हता.

८/
आइसलँडच्या स्मृतीत आज ठळक काय राहिले? २० जुलै १७८३ चे स्टाइनग्रिम्सन यांचे ‘अग्निप्रवचन’. लाव्हा चर्चच्या दिशेने सरकत असताना त्यांनी उपासना चालवली आणि लाव्हा अलीकडेच थांबला, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती सांगण्यासारखी आहेच. पण ज्या धर्मगुरूंनी थेंबांची नोंद ठेवली त्यांच्या नावावर लाव्हा थांबवण्याचीच ख्याती राहावी, यात इतिहासलेखनाची एक जुनी खोड दिसते. जे दृश्य असते ते आठवणीत राहते, आणि जे मारक असते ते तळटीपेत जाते. आइसलँडची लोकभाषा इथे इतिहासकारांहून अचूक ठरली. त्या वर्षांना तिने आगीचे नाव दिले नाही. ‘धुक्याचे हाल’ अशा अर्थाचे नाव दिले.

९/
पावसाने गवत विषारी केले. पण कोठारे रिकामी का होती? आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता आणि १६०२ पासून तिथे डॅनिश व्यापाराची मक्तेदारी होती. ठरलेल्या व्यापाऱ्यांव्यतिरिक्त कोणाशी देवघेव करण्यास मुभा नव्हती. उद्रेकाची वार्ता कोपनहेगनला सप्टेंबरमध्ये पोहोचली. मदतीचे जहाज निघाले, वादळाने नॉर्वेला लागले, तिथेच त्याचा हिवाळा गेला आणि ते आइसलँडला पोहोचले एप्रिल १७८४ मध्ये. वादळ डेन्मार्कने आणले नव्हते, हे न्यायाने म्हटले पाहिजे. पण एका देशाचे अन्न एकाच समुद्रमार्गावर आणि एकाच मक्त्यावर टांगून ठेवणे हा निर्णय माणसांचा होता. ती मक्तेदारी १७८७ मध्ये उठली, हजारो मृत्यूंनंतर.

१०/
गंधकाचे धुके एवढ्यात युरोपवर पोहोचले होते. जून १७८३ च्या अखेरीस नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन शहराच्या आसपास झाडांची पाने एकाएकी करपली. सेबाल्ड ब्रुगमन्स या तरुण अभ्यासकाने कोणत्या वनस्पतींवर काय परिणाम झाला, याचे त्याच वर्षी सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एक समुद्र ओलांडून आलेले आम्ल त्या पानांवर उतरले होते.

११/
याच वेळी बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून पॅरिसजवळ राहत होते. सूर्यकिरण इतके निस्तेज झाले होते की भिंगाने एकवटूनही कागद जेमतेम पेटत असे, हे त्यांनी टिपले. हे धुके एखाद्या उल्केचे असावे किंवा आइसलँडकडील ज्वालामुखीचे असावे, आणि पुढच्या कडक हिवाळ्याचा त्याच्याशी संबंध असावा, असा तर्क त्यांनी मांडला. तो निबंध डिसेंबर १७८४ मध्ये मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत वाचला गेला. ज्वालामुखी आणि हवामान यांची सांगड घालणाऱ्या आद्य लिखाणांत त्याची गणना होते. फ्रँकलिन यांचे लक्ष मात्र सूर्यावर होते. पाऊस त्या निबंधाचा विषय नव्हता.

१२/
आता एक विलक्षण योगायोग. १७८६ मध्ये याच फ्रँकलिन यांनी एका मित्राला शिशाच्या विषबाधेवर दीर्घ पत्र लिहिले. त्यात एक ऐकीव हकीगत आहे. उंचावरच्या एका घराला विहीर नव्हती. शिशाने मढवलेल्या छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून घरची माणसे पीत. अनेक वर्षे काही बिघडले नाही. मग शेजारची झाडे वाढली, त्यांची पाने छपरावर पडू लागली आणि सगळ्या घराला पोटशुळाने ग्रासले. पानांतील आम्लाने शिसे विरघळवले असावे, असा कयास होता. पत्राच्या शेवटी फ्रँकलिन खंत व्यक्त करतात: उपयुक्त सत्य कळते लवकर, आचरणात मात्र फार उशिरा येते.

१३/
म्हणजे १७८४ मध्ये त्यांच्या हातात ज्वालामुखीचे धुके होते आणि १७८६ मध्ये छपरावरचे आम्ल, पावसाचे पाणी आणि शिसे. कोड्याचे दोन्ही तुकडे एकाच माणसाच्या मेजावर होते, पण ते एकमेकांना जोडले गेले नाहीत. त्यात फ्रँकलिन यांचा दोष नाही. धुके हा तेव्हा निसर्गतत्त्वज्ञानाचा विषय होता आणि शिसे वैद्यकाचा. ज्ञानाचे कप्पे माणसांच्या छपरांना विचारून पाडलेले नसतात.

१४/
तिसरा तुकडा पुन्हा मँचेस्टरमध्येच सापडला. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञांनी १८५२ मध्ये, जिथे फ्रँकलिन यांचा निबंध वाचला गेला होता त्याच सोसायटीच्या प्रकाशनात, शहराच्या हवेवर आणि पावसावर निबंध छापला. शहराजवळ येऊ तसे पावसातील गंधकाम्ल वाढते, हे त्यांनी मोजून दाखवले. पुढे १८७२ च्या ‘एअर अँड रेन’ या ग्रंथात त्यांनी ‘आम्लवर्षा’ हा शब्द रूढ केला. तो शब्द कोळशाच्या धुरापोटी जन्मला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आम्लवर्षा म्हणजे कारखान्याचे पाप, हे समीकरण तिथून पक्के झाले.

१५/
स्मिथ केवळ मोजून थांबले नाहीत. धुण्याचा सोडा बनवणारे कारखाने हायड्रोजन क्लोराइड हवेत सोडत आणि भोवतालची शेते जाळत. १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला: या वायूचा ९५ टक्के भाग कारखान्यातच पाण्यात उतरवला पाहिजे. त्या कायद्याचे पहिले निरीक्षक होते स्मिथ. हाच वायू ज्वालामुखीही सोडतो. धुराड्याला निरीक्षक मिळाला, पण ज्वालामुखीला कोण निरीक्षक नेमणार? म्हणून ज्वालामुखीचा पाऊस कायद्याच्या आणि बव्हंशी इतिहासाच्याही कक्षेबाहेर राहिला.

१६/
आता दुसरे टोक, १९८३. हवाई बेटाच्या आग्नेयेस किलाउएआ धुमसू लागला, आणि तो उद्रेक २०१८ पर्यंत, तब्बल ३५ वर्षे चालला. १९९० च्या दशकात त्यातून दिवसाला सुमारे २,००० टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत असे. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे हा वायू नैर्ऋत्येला नेतात. बेटाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून तो पश्चिमेच्या कोना किनाऱ्यावर येतो, आणि समुद्रावरून व जमिनीवरून आलटून-पालटून वाहणाऱ्या वाऱ्यांत तिथेच घोटाळत राहतो. ज्वालामुखी बेटाच्या एका अंगाला आणि त्याचे धुके दुसऱ्या अंगाला, अशी ही स्थिती.

१७/
त्या भागातील अनेक घरे पावसाच्या पाण्यावर जगतात. तरुण ज्वालामुखी खडक सच्छिद्र असतो. पडलेले पाणी जमिनीत जिरून जाते, ओढे-नाले टिकत नाहीत. म्हणून छपरावरचा पाऊस पन्हळीतून टाकीत, टाकीतून नळात, अशी व्यवस्था. छपरांच्या बांधणीत शिशाचे भाग होते आणि नळांच्या सांध्यांना शिशाचा डाख होता. खनिजे असलेले विहिरीचे पाणी नळाच्या आत क्षारांचा थर चढवते आणि तो थर धातूला झाकतो. पावसाच्या पाण्यात असे क्षार नसतात. त्यात आम्ल मिसळले की शिसे उघडे पडते आणि विरघळते.

१८/
१९८८ मध्ये तपासणी झाली. कोना भागात छपरावरचे पाणी वापरणाऱ्या घरांपैकी सुमारे ४० टक्के घरांच्या पाण्यात शिसे मर्यादेहून अधिक निघाले. त्यांपैकी काही घरांतील माणसांच्या रक्तातही शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. पाणी नितळ होते आणि चवीवरून कसलाही इशारा मिळत नव्हता. फ्रँकलिन यांच्या पत्रातील घर दोनशे वर्षांनी पुन्हा उभे राहिले होते. फरक एवढाच की झाडांच्या पानांऐवजी आता ज्वालामुखी होता.

१९/
आता तो पाच लाखांचा आकडा आठवावा. लाकीच्या तुलनेत किलाउएआचा दैनंदिन वायू अडीचशेवा हिस्साही जेमतेम भरतो. एवढ्याशा वायूने हे घडवले, कारण बाकीचे काम छपराने केले. ज्वालामुखीने पाऊस आम्ल केला, हे खरे. पण पावसात शिसे घातले ते माणसाने. आम्ल हे केवळ किल्ली होते. कुलूप आणि त्यामागचे विष घरातच ठेवलेले होते.

२०/
या सगळ्या कथेतील सर्वांत कमी नाट्यमय प्रसंग हाच तिचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेटावर मोहीम निघाली आणि पाणी साठवण्याच्या व्यवस्थेतून शिशाचे साहित्य काढून टाकण्याचे काम झाले. उद्रेक तसाच चालू होता. जे बदलण्याजोगे होते ते माणसांनी बदलले. या कामाचे चित्र कोणी काढले नाही, त्यावर कोणी लोककथा रचली नाही. पण अग्निप्रवचनाच्या शेजारी या खिळ्यांना आणि नळांना जागा मिळायला हवी. पहिल्या कथेत माणूस निसर्गाकडे दयेची याचना करतो, दुसरीत तो स्वतःचे घर तपासतो.

२१/
एक आक्षेप इथे अपेक्षित आहे: ‘ज्वालामुखी नैसर्गिक आहे, मग दोष कोणाला द्यायचा?’ वायूचा दोष कोणालाच देता येत नाही. पण ‘नैसर्गिक आपत्ती’ हा शब्द अर्ध्या वाटेवर थांबतो. वायू डोंगरातून निघतो तोवर ती निसर्गाची गोष्ट असते. तो पाऊस होऊन कुणाच्या छपरावर, कुणाच्या कुरणावर आणि कुणाच्या रिकाम्या कोठारावर पडला की ती समाजाची गोष्ट होते. आइसलँडमध्ये ती मक्तेदारीची होती, कोनामध्ये बांधकामाच्या साहित्याची. इतिहासाचा विषय नेमका इथून सुरू होतो.

२२/
निकाराग्वातील मसाया हे याचेच तिसरे उदाहरण. १५३८ मध्ये ब्लास देल कास्तियो हा स्पॅनिश धर्मगुरू तिथल्या धगधगत्या विवरात उतरला, कारण आतला तप्त रस म्हणजे वितळलेली मौल्यवान धातू, अशी त्याची समजूत होती. ही साहसकथा प्रसिद्ध आहे. पण तिथले वारे बहुतांशी पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे डोंगराच्या पूर्वेला असलेले, त्याच्याच नावाचे मसाया शहर बरेचसे वाचते आणि वायू पश्चिमेच्या उंच कड्यांवर जाऊन आदळतो. तिथले कॉफीचे मळे करपतात, कुंपणाच्या तारा आणि घरांचे पत्रे गंजतात. ज्वालामुखीपासूनचे अंतर नकाशावर मोजता येते, पण त्याचा उपद्रव मोजायचा तर वाऱ्याची दिशा आणि छपराचे साहित्य विचारावे लागते.

२३/
मराठी वाचकाला यात एक मोह होण्याचा संभव आहे. १७८३-८४ मध्येच उत्तर हिंदुस्थानात ‘चालीसा’ दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० वरून त्याला ते नाव मिळाले. महादजी शिंदे दिल्लीच्या राजकारणात उतरत होते तो हाच काळ. लाकीमुळे मान्सून दुबळा झाला असावा, असे काही हवामान-प्रतिमाने सुचवतात. इतर अभ्यासक एल निनोकडे बोट दाखवतात. हा वाद मोलाचा आहे, पण ती वेगळी साखळी आहे. तिथे प्रश्न पाऊस किती पडला याचा आहे, पावसात काय होते याचा नाही. दोन्ही साखळ्या एकत्र गुंडाळून ‘लाकीने सगळे केले’ म्हणणे आकर्षक असले, तरी तो इतिहास नव्हे.

२४/
खरा धागा जुळतो तो दगडाशी. सह्याद्रीचा काळा कातळ हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकांचा लाव्हा आहे. त्या काळीही गंधकाचे वायू निघाले असणार आणि आम्ल पाऊस पडला असणार. तो टिपायला कोणी स्टाइनग्रिम्सन नव्हते. त्याच थंडावलेल्या कातळात आपल्या पूर्वजांनी गडांवर टाकी खोदली आणि त्यांत पावसाचे पाणी साठवले. गड बांधताना आधी पाण्याची सोय पाहावी, हे आज्ञापत्रातील धोरण प्रसिद्धच आहे. गडावर फिरताना तटबंदी आणि बुरूज सगळे पाहतात. टाक्यापाशी थांबून, हे पाणी कुठून येत होते, कशावरून वाहत होते आणि कोण पीत होते, असे विचारणारे थोडे असतात.

२५/
ज्वालामुखीच्या इतिहासालाही असेच टाक्यापाशी थांबण्याची गरज आहे. स्टाइनग्रिम्सन यांनी थेंब पाहिला, फ्रँकलिन यांनी धुके आणि शिसे पाहिले, स्मिथ यांनी पाऊस मोजला. १७८६ पासून १९८८ पर्यंत, दोनशे दोन वर्षे, हे सारे ज्ञान जगात उपलब्ध होते, आणि तरीही कोनाच्या छपरांवर शिसे होते. रसायनशास्त्र कमी पडले नाही. निरनिराळ्या कप्प्यांतील गोष्टी एकत्र आणून सांगणारे कमी पडले. ते काम इतिहासाच्या अभ्यासकाचे आहे. आजही अनेक धुमसत्या डोंगरांच्या सावलीत माणसे पावसाचे पाणी पितात. त्यांच्या छपराचे खिळे कशाचे आहेत, हा प्रश्न लाव्हा किती उंच उसळला या प्रश्नाइतकाच ऐतिहासिक आहे, आणि त्याचे उत्तर वेळेवर मिळाले तर काही मुलांच्या रक्तात शिसे उतरणार नाही.

(धागा समाप्त)